दसऱ्यानंतर इनेला यायचे आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते तर आई "बघू" म्हणाली असती आणि बाबांनी फोन पुन्हा तिच्याच हातात दिला असता, म्हणून पत्र लिहिते आहे. दसरा झाला की तुम्ही दोघांनी जपानला यायचे आहे. तिकिटे काढून झाली आहेत. परतीचीही काढली आहेत, आणि दिवाळीच्या आधी तुम्ही दापोलीला पोहोचाल, फराळाला आईला पुरेसे दिवस मिळतील, हे पाहूनच तारखा धरल्या आहेत. एप्रिल-मेमध्ये कलमे सोडून बाबा हलणार नाहीत, पावसाळ्यात घर बंद ठेवता येत नाही आणि इथल्या हिवाळ्यात बर्फ पडतो, तेव्हा वर्षातले हेच काय ते दिवस उरतात. न विचारता ठरवले म्हणून राग धरू नका. विचारले की आधी खर्चाचा आकडा निघतो आणि मग सगळेच राहून जाते, हे आपल्या घरी नानाकाकांच्या काशीयात्रेपासून चालत आलेले आहे.

यंदा गणपतीला मला रजा मिळणार नाही, तेही इथेच सांगून टाकते. आई, तू लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. मी त्या पाच दिवसांसाठी आले असते तर अर्धा वेळ पाहुण्यांत गेला असता. तुम्ही इथे आलात की सगळा वेळ आपल्या तिघांचा.

क्योतोतली देवळे आपण पाहूच, परंतु तुम्हांला मुख्यतः न्यायचे आहे ते इनेला. क्योतो प्रांताच्या अगदी उत्तर टोकाला, तांगो द्वीपकल्पावर, जपानच्या समुद्राकाठचे हे मच्छीमारांचे गाव आहे. आजूबाजूच्या वाड्या धरूनही वस्ती जेमतेम दोन हजारांच्या आसपास. मी तिथे आधी एकटीच जाऊन राहून आले, ते तुमच्यासाठी जागा पारखायला. बाबांना कुठे चढावे लागेल, आईला काय खाता येईल, रात्री कोणी आजारी पडले तर काय करायचे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुम्हांला बोलवायचे नाही असे मी ठरवले होते.

खाडीच्या काठाने सुमारे पाच किलोमीटर अशी सलग घरे आहेत की त्यांचा तळमजला पाण्यातच उघडतो. त्यांना फुनाया म्हणतात, आणि अशी सुमारे २३० घरे आज उभी आहेत. खाली होडी ओढून घ्यायची उतरती जमीन, वर पूर्वी जाळी आणि सामान ठेवायचा माळा; कुटुंबाचे राहते घर मात्र रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला. २००५ साली सरकारने ही सारी वस्ती संरक्षित केली. बाबा, पहिल्या दिवशी मला प्रश्न पडला तो तुमचाच प्रश्न होता : भरतीला या घरांत पाणी कसे शिरत नाही? तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला तुम्ही मला हर्णैच्या बंदरावर शिकवले होते, आणि ओहोटीला समुद्र इतका मागे जायचा की मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात घालाव्या लागत. इथे तो हिशेबच लागत नाही, कारण जपानच्या समुद्रात पाण्याची पातळी वर्षभरात जेमतेम अर्धा मीटर वरखाली होते. शिवाय त्या बाजूच्या किनाऱ्यावर सहसा नसते अशी ही दक्षिणेकडे तोंड केलेली खाडी आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर आहेत आणि तोंडाशी आओशिमा नावाचे झाडांनी भरलेले बेट आडवे पडले आहे, त्यामुळे बाहेर समुद्र खवळला तरी आत लाटा येत नाहीत. तुम्ही हे सगळे माझ्यापेक्षा नीट समजावून सांगाल. त्या काठावर तुम्ही उभे राहून मला ते सांगावे, एवढीच माझी इच्छा आहे.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवून आणली आहे. मी उतरले होते त्याच्या शेजारच्या फुनायात एक आजी माकुले साफ करीत बसल्या होत्या. तुझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या असाव्यात. खालच्या जमिनीवर बसून, पाणी हाताला लागेल इतक्या जवळ, त्या एकेक माकूल उलगडून सुरीने चिरत होत्या, शाई बोटांना लागू न देता, अगदी तुझ्या हाताने व्हावे तसे. जी घाण निघाली ती त्यांनी फेकली नाही. एका तारेच्या पिंजऱ्यात घालून पिंजरा दोरीने घरासमोरच पाण्यात सोडला. त्याला तिथे मोंदोरी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी ओढली तेव्हा आत तीन-चार मासे फडफडत होते आणि वर घारी घिरट्या घालीत होत्या. मला पाहून आजींनी पिंजरा जरा उंच धरला आणि हसल्या. तू असतीस तर भाषा येत नसतानाही तुमच्या अर्धा तास गप्पा झाल्या असत्या, याची मला खात्री आहे. सकाळी धक्क्यावर होड्या लागल्या की गावातली माणसे घरच्या बादल्या घेऊन मासळी घ्यायला येतात; तिथेही तुला नेणार आहे. बुरी हा इथला नावाजलेला मासा थंडीत मिळतो, तो आपल्याला मिळेलच असे नाही, पण माकूल मिळेल.

आता राहण्याचे. बाबा, फुनायांतले जिने फार उभे असतात, म्हणून वरची खोली मी घेतलीच नाही. रस्त्याच्या पातळीवर, एकही पायरी न चढता जाता येईल अशी खोली घेतली आहे, आणि गादी जमिनीवर नको, पलंग हवा, असे मालकीणबाईंना दोनदा सांगून ठेवले आहे. संडास खुर्चीचा आहे, त्याला पाण्याचा फवारा आहे आणि थंडीत बसायची जागा गरम होते. या एका बाबतीत आई परत जायला तयार होणार नाही. अंघोळीला भरपूर गरम पाणी आहे. खोलीला लागून लहानसे स्वयंपाकघर आहे, तिथे सकाळचा चहा आणि मुगाची खिचडी आपली आपण करता येईल. इथला भात जरा चिकट असतो, पण बाबांना आमटी-भातासाठी तो आवडेल असे वाटते. गावात खाण्याची दुकाने मोजकी आहेत आणि संध्याकाळी लवकर बंद होतात, त्यामुळे सामान मी क्योतोहूनच भरून नेणार आहे. गावात लहान दवाखाना आहे. मोठ्या रुग्णालयासाठी गाडीने बाहेर जावे लागते, त्याचीही चौकशी केली आहे आणि प्रवासाचा विमाही उतरवला आहे.

प्रवास दमवणारा नाही. क्योतोहून आमानोहाशिदातेपर्यंत थेट गाडी आहे, सुमारे दोन तास लागतात. तिथून बसने आणखी एक तास. एका दमात करायचे नाही, आमानोहाशिदातेला एक रात्र थांबायचे. समुद्रात आडवी पसरलेली साडेतीन किलोमीटरहून लांब वाळूची पट्टी आणि तिच्यावर पाइनची हजारो झाडे, असे ते ठिकाण आहे आणि जपानच्या तीन प्रसिद्ध देखाव्यांत त्याची गणना होते. डोंगरावर जाऊन लोक पाठमोरे उभे राहतात आणि वाकून दोन पायांमधून ते पाहतात. बाबा, तुम्ही वाकायचे नाही. उभे राहूनही तेवढेच सुंदर दिसते.

इनेच्या हद्दीतच उरा देऊळ आहे, तिथेही जाऊन आले. उराशिमा नावाच्या तरुण कोळ्याची कथा जपानात लहान मुलांनाही ठाऊक असते, तिचे हे स्थान. तो समुद्रापारच्या अद्भुत नगरीत गेला, तिथे तीन वर्षे सुखात राहिला, आणि घरची आठवण अनावर होऊन परतला तेव्हा गावात तीनशेहून अधिक वर्षे लोटली होती. आईवडिलांना ओळखणारेही कोणी उरले नव्हते. परंपरेने हे देऊळ ८२५ सालचे मानतात आणि त्या कथेची जुनी चित्रगुंडाळी तिथे जपून ठेवली आहे. मी कथा आधी वाचलेली होती, तरी त्या आवारात मला फार वेळ उभे राहवले नाही. बसच्या थांब्यावर येऊन बसले आणि तिथेच तुमच्या तिकिटांच्या तारखा पाहिल्या. वाईट काही मनात आणू नका, तुम्ही दोघे ठणठणीत आहात. फक्त आईच्या मोतीबिंदूच्या वेळी मी फोनवरच होते, आणि बाबा आता बंदरावर चालत जात नाहीत हे मला शेजारच्या काकूंकडून कळले. लहानपणी ताप आला की बाबा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवीत बसायचे आणि सकाळी काहीच न झाल्यासारखे शाळेत शिकवायला जायचे. तुमचा हात धरून चालायचे काही दिवस मलाही हवे आहेत.

आता नीट वाचा. बाबांनी आजपासून रोज सकाळी सपाट रस्त्यावर अर्धा तास चालायचे, गुडघ्याचा पट्टा लावून. डॉक्टरांना प्रवासाचे सांगून यायचे आणि रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटांत, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवायच्या. सर्दी-खोकल्याची औषधे तिकडून आणू नका, त्यांतल्या काहींना इथे बंदी आहे. लागले तर मी इथे घेईन. आई, कढीपत्ता, ओला नारळ, ताजी फळे काहीही बांधून आणायचे नाही, विमानतळावर काढून घेतात. चहाची पूड आणि मेतकूट आण. दोन स्वेटर आण आणि छत्री विसरू नकोस. तांगोकडे म्हणतातच की डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरू नये. सहज काढता येतील असे बूट घ्या, कारण घरोघरी उंबऱ्याशी ते काढावे लागतात. आणि एक : फुनाया ही लोकांची राहती घरे आहेत. दार उघडे दिसले म्हणून आत डोकवायचे नाही, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही.

पासपोर्टची पहिली आणि शेवटची पाने, बाबांच्या पेन्शनचे कागद आणि बँकेची पुस्तके हे सगळे पत्र्याच्या पेटीतून काढून ठेवा. रविवारी मी फोन करीन तेव्हा व्हिसाचा अर्ज आपण एकत्र भरू. कलमांकडे आणि मांजराकडे बघायला काकूंना मी विचारले आहे, त्या हो म्हणाल्या आहेत.

तुमची,
ताई