एकट्या विडालवर टायफॉईड ठरवू नये

महोदय,

पावसाळ्यात ताप रेंगाळला की कोल्हापुरात आधी ‘विडाल’ ही रक्ततपासणी होते आणि अहवालात १:८० (म्हणजे रक्तद्रव ८० पट पातळ करूनही प्रतिक्रिया) दिसले की घरचेच टायफॉईड ठरवून मोकळे होतात. ही तपासणी जंतू शोधत नाही. रक्तातील प्रतिपिंडांमुळे (जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांमुळे) टायफॉईडच्या प्रतिजनाच्या (जंतूच्या अंशाच्या) गुठळ्या होतात का, एवढेच ती पाहते. प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालाला अर्थ नाही. उलट जुना टायफॉईड, लस, साल्मोनेला या टायफॉईडच्याच कुळातले इतर जंतू, अगदी मलेरियाही ही तपासणी पॉझिटिव्ह करू शकतात. ७ ते १० दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडांची चौपट वाढ दिसली, तर गोष्ट वेगळी. पण बरे वाटल्यावर दुसऱ्यांदा रक्त द्यायला येतो कोण!

भरवशाचे म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे. पहिल्याच आठवड्यात, अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी, प्रौढाचे ८ ते १० मिली रक्त. २-३ मिलीवर भागवले की जंतू निसटतो, कारण एक मिली रक्तात अनेकदा एकही नसतो. जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणीही त्यामुळेच इथे अडखळते. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, सगळे रुग्ण त्यातही सापडत नाहीत. पण जंतू वाढला तर कोणते औषध लागू पडेल तेही कळते.

– सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक, कोल्हापूर