तू खरंच समोर बघत होतास

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

खांद्याची पट्टी सुटेपर्यंत गाडीचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण परवा तुझं आणि बाबांचं फोनवर वाजलं, ते डोक्यातून जात नाही. "समोरच बघत होतो, तरी रिक्षा दिसली नाही," असं तू म्हणालास. बाबांना ते खोटं वाटलं. मला खरं वाटलं, आणि म्हणूनच जास्त धास्ती बसली.

अकरावीच्या मुलांना मी हे दरवर्षी शिकवते. इनअटेन्शनल ब्लाइंडनेस, म्हणजे लक्ष दुसरीकडे असलं की डोळ्यांसमोरचंही न दिसणं. हे नाव एरियन मॅक आणि अर्विन रॉक या मानसशास्त्रज्ञांनी दिलं. १९९८ मध्ये त्यांचं त्याच नावाचं पुस्तक आलं. ते पडद्यावर क्षणभर फुली दाखवायचे आणि तिची कोणती रेघ लांब ते विचारायचे. मध्येच, न सांगता, एखादा आकार आणायचे. डोळे उघडे असूनही कित्येकांना तो दिसायचा नाही. पुढच्या वर्षी सायमन्स आणि शब्री यांच्या प्रयोगात व्हिडिओतल्या खेळाडूंचे चेंडूचे पास मोजणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना मधून गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नाही.

हात मोकळे होते, फोन कानात होता, असं तू म्हणशील. यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी सिम्युलेटरवर तेच तपासलं. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडायची, पण नंतर ते फलक त्यांना नीट ओळखता यायचे नाहीत. अडचण हातांची नाहीच रे, लक्ष बोलण्यात गेलेलं असतं.

बघ, तास घ्यायला लागले. दुखत असताना हे ऐकवायला नको होतं, रागावू नकोस.

तिसरीत असताना अण्णांचा रेडिओ खोलून ओट्यावर बसला होतास. स्क्रू ताटलीत ओळीने मांडलेले. पाऊस आला, पाठ भिजली, मी दोनदा हाक मारली, तुला पत्ता नव्हता. अण्णा म्हणाले, हा पोरगा नाव काढणार. काढलंसही. तुझं मन असं लागतं याचा मला फार अभिमान आहे. पण रस्त्यावर ते फोनमधल्या माणसाकडे लागलं, तर समोरची रिक्षा तुला कोण दाखवणार?

मंगलमावशी शनिवारी येतेय, तिच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवते. फिजिओथेरपी चुकवू नकोस. गाडीवर असताना फोन आला तर आधी बाजूला थांब, मग उचल. माझा असला तरी.

आणि बाबांना फोन कर. तुझा फोन आला का, म्हणून दिवसभर मला विचारतात.

तुझी,
आई