पेन्सिलीने लिहिलेला शेरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अणुऊर्जेच्या नव्या 'शांती' कायद्यावर आपल्या दैनिकात बरंच छापून आलं. खासगी कंपन्या, भरपाईची मर्यादा, परदेशी गुंतवणूक यावर रकानेच्या रकाने होते. तपासणी करणाऱ्या माणसाची मात्र दोन ओळींत बोळवण झाली. मी ३२ वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. अणुभट्टी कधी पाहिलेली नाही. पण वाफ, टर्बाइन आणि इन्स्पेक्टर या तीन गोष्टी जवळून पाहिल्यात, म्हणून लिहितो.

आमच्याकडे अग्निप्रदीपनाचा, म्हणजे हंगामाआधी बॉयलर पेटवण्याचा कार्यक्रम लग्नासारखा. एका वर्षी (कारखान्याचं नाव नको) मंडप पडला होता, पाहुणे ठरले होते, शिऱ्याची कढई चुलीवर चढली होती. बॉयलर इन्स्पेक्टर आले, हायड्रॉलिक टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लावली, तर गेजचा काटा जागेवर राहीना. इकॉनॉमायझरच्या, म्हणजे बॉयलरचं पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या नळ्या झिजून पातळ झाल्या होत्या. चेअरमन म्हणाले, शेतात ऊस उभा आहे, तोडणीच्या टोळ्या आल्यात, हंगाम सुरू होऊ द्या, नळ्या मागून बदलू. इन्स्पेक्टर म्हणाले, "आधी बदला, मग बोलवा." आणि जीपमध्ये बसून गेले. आठ दिवस कारखाना गार. शिरा आम्ही कामगारांनी संपवला.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या नळ्यांचं दुखणं आमच्या शिफ्ट इंजिनिअरला दोन महिने आधीपासून ठाऊक होतं. माणूस हुशार आणि सरळ. त्यांनी लॉगबुकात नोंदही केली होती, पण पेन्सिलीने. पगार कारखान्याचा, क्वार्टर कारखान्याचं, मुलं कारखान्याच्या शाळेत. शाईने लिहिणार कसं? इन्स्पेक्टर बाष्पके संचालनालयाचे, म्हणजे सरकारचे. आमच्या चेअरमनला त्यांची बदलीही करता येत नव्हती आणि बढतीही. ते फार मोठे शूर होते असं मला वाटत नाही. त्यांना 'नाही' म्हणणं परवडत होतं, इतकंच. आमचे जुने मिस्त्री म्हणायचे, "वाफ चेअरमनला वळखत नसती."

आता अणुऊर्जेकडे येतो. अणुकेंद्रांची तपासणी करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी सरकारी आदेशाने स्थापन झालं. त्या व्यवस्थेत ते उत्तर द्यायचं अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचे अध्यक्ष आणि अणुऊर्जा विभागाचे सचिव एकच व्यक्ती, आणि तारापूर, काक्रापार, कैगा ही अणुवीज केंद्रं चालवणारं अणुऊर्जा महामंडळ त्याच विभागाखाली. म्हणजे आमच्या भाषेत इन्स्पेक्टरचा वरिष्ठ आणि चेअरमनचा वरिष्ठ एकच. महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात यावर बोट ठेवलं. नियमभंगाला तेव्हा जास्तीत जास्त दंड ५०० रुपये होता, हेही त्याच अहवालात आहे. तेवढ्यात आमच्या बॉयलर हाउसमधला एक व्हॉल्व्हही आला नसता. तपासणीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक २०११ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं, ते २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच संपलं.

मंडळ काहीच करत नाही असा आरोप मी करणार नाही. काक्रापारच्या पहिल्या युनिटमध्ये मार्च २०१६ मध्ये गळती झाली, तेव्हा ते बंद राहिलं ते थेट २०१९ पर्यंत. सगळ्या शीतक नळ्या बदलल्या, मगच पुन्हा वीज आली. तीन वर्षं युनिट गार ठेवणं सोपं नसतं. आमचे आठ दिवस किती जड गेले ते मला माहीत आहे.

पण १९९३ ची नरोराची घटना वाचली की पेन्सिल आठवते. ३१ मार्चच्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या त्या केंद्रात बिघाड झाला तो अणुभट्टीत नाही, टर्बाइनमध्ये. दोन पाती तुटली, हादऱ्याने जनरेटरमधला हायड्रोजन निसटला, आग लागली. मुख्य आणि पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबल एकाच वाटेने गेलेल्या, त्यामुळे दोन्ही जळाल्या. नियंत्रण कक्षात धूर भरला. १७ तास केंद्रात वीज नव्हती. कामगारांनी बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढून हाताने व्हॉल्व्ह उघडले आणि अणुभट्टी पुन्हा पेट घेऊ नये म्हणून बोरॉनचं द्रावण सोडलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, ही त्यांची पुण्याई. त्या पात्यांच्या रचनेतल्या दोषाची सूचना आधीच मिळालेली होती. पाती मात्र बदललेली नव्हती.

त्याच वर्षी सहा महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे आमच्या तालुक्यात किल्लारी झालं. भूकंपाच्या नकाशावर तेव्हा आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या रंगात रंगवलेला होता. नकाशा नंतर बदलला. तेव्हापासून कागदावर 'सुरक्षित' लिहिलेलं दिसलं की आम्ही औशाची माणसं विचारतो, कोणी लिहिलं आणि कधी तपासलं?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर केला. १९६२ चा कायदा गेला, खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला याचा आनंद आहे. पण नियम करताना तीन गोष्टी पाहाव्यात: तपासणाऱ्यांची नेमणूक कोण करतो, बदली कोण करतो, आणि अहवाल कोणाच्या कपाटात जातो. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुअपघातापूर्वी तपासणी यंत्रणा अणुवीज वाढवणाऱ्या मंत्रालयाच्याच हाताखाली होती. २०१२ मध्ये त्यांना ती वेगळी काढावी लागली. आपण अपघाताची वाट पाहायची गरज नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने छोट्या थोरियम अणुभट्टीसाठी रशियाच्या रोसाटोमशी करार केला आहे, त्यामुळे हा विषय आता एकट्या तारापूरचा उरलेला नाही.

जाता जाता एक. एक्स-रे मशीनची नोंदणीही याच मंडळाकडे असते. २०१२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या ५७,४४३ एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ नोंदणीविना होती. परवा गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेलो, तर तिथल्या पोराला विचारलं, परवाना कुठे लावलाय? तो म्हणाला, "काका, हे काय वाईन शॉप आहे का?"

आमच्या बॉयलरचं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत भिंतीला टांगलेलं असायचं, तारीख येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची. अणुकेंद्राच्या तपासणीचा अहवालही मराठीत, आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, एवढी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी.

पत्र लांबलं आहे. जागा कमी पडली तर एक्स-रेचा परिच्छेद गाळा, पेन्सिलीचा गाळू नका.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
औसा, जि. लातूर