बाळा, पीयूसी का दिली नाही ते सांगतो

बाळा,

त्या दिवशी तू न जेवता पुण्याला निघून गेलास ते आईला फार लागलं आणि मलाही. फोनवर बोललो असतो तर परत दोघांचा आवाज चढला असता म्हणून लिहितोय, ऑफिसात असशील तर रात्री निवांत वाच. घरचं पीयूसी सेंटर असून बापानेच गाडी फेल केली आणि ते पण तुझ्या मित्रांसमोर, याचं मला वाईट वाटतं, पण मशीनवर आलेलं रीडिंग मी बदललं नसतं, कोणाचंच नाही.

आकडे आठव, सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड 1.8 टक्के आणि एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल 430 पीपीएम, दहा लाखात 430 भाग. गाडी 2018ची म्हणजे बीएस-4 पेट्रोल, तिला आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, सीओ 0.3 टक्क्यांच्या आत लागतो आणि एचसी 200 पीपीएमच्या आत. म्हणजे थोडक्यात हुकली असं नाही, सीओ सहापट आहे. तू म्हणालास इंजिन गार असेल, म्हणून मी स्वतः हायवेला मोठी चक्कर मारून आणली, परत नळी घातली, तेच आलं. गरम गाडीचा एवढा सीओ बघितला आणि मला कळलं की आत कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नाहीये.

तू मला फक्त फ्री फ्लो, म्हणजे मोकळा सायलेन्सर, बसवलाय एवढंच सांगितलं होतंस. नुसता मागचा डबा बदलला असता तर धुराच्या रीडिंगला फार फरक पडत नाही, आवाज वाढतो, आणि त्या आवाजाचा दंड वेगळा. पण गॅरेजवाल्याने हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारे वेगळे पाइप, टाकताना इंजिनाजवळचा कॅट पण काढला. त्याला विचारलंस का जुना कॅट कुठे ठेवला? मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते त्यात, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो, म्हणून भंगारात सुद्धा त्याला पैसा येतो, आणि तुला त्याने एक रुपया कमी लावला नाही. ती जाळी अडीचशे-तीनशे डिग्रीला तापली की विषारी सीओचा साधा सीओटू करते, अर्धवट जळलेलं पेट्रोल जाळते. आता ते सगळं सरळ मागून बाहेर पडतंय. अंगणात गाडी चालू होती तेव्हा आजी ओसरीवर डोळे चोळत बसली होती, तुझं लक्ष नव्हतं.

कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला धुरापासून लांब धरणारा स्पेसर लावलाय तो पण बघितला मी. त्याने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, फसतो, डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाईट लागत नाही, बास. माझं मशीन लाईट बघत नाही, ते नळीतून येणारा धूर मोजतं.

अजून एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही. गाडीखाली झोपून बॅटरी मारली तर हेडरच्या जोडावर काजळीची काळी रेघ आहे, बोटाला लागली माझ्या. मग मागच्या पाइपवर जाड फडकं दाबून धरलं तर त्याच जोडातून फुस्स फुस्स आवाज आला. तिथून नुसता धूर बाहेर येत नाही, दोन झटक्यांच्या मध्ये बाहेरची हवा पण आत ओढली जाते, पुढच्या सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू अजून पेट्रोल सोडतो आणि सीओ अजून वाढतो. ॲव्हरेज 17 वरून 13 वर आलं म्हणत होतास ना, त्यात याचा हात आहेच.

तुझा मित्र म्हणाला तिकडे पाचशे रुपयात दुसऱ्याच गाडीत नळी घालून पास करून देतात. नको घेऊस बाळा. सेंटर नवीन होतं तेव्हा ओळखीखातर मी एका टेम्पोला असाच कागद दिला होता, आणि तोच टेम्पो रोज सकाळी तुझ्या शाळेच्या गेटसमोर काळा धूर सोडत उभा असायचा आणि तू दप्तर घेऊन त्यातून आत जायचास. तेव्हापासून ओळख असो नसो, नळी घातल्याशिवाय मी कागद दिला नाही. आणि तुझ्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे, सकाळी तिथे गाडी गरम करत उभा राहतोस तू. सीओला रंग नाही वास नाही, डोकं दुखायला लागतं तेवढंच कळतं. तिथे आता गाडी चालू ठेवू नकोस, एवढं आजपासूनच ऐक. पोलिसांनी धरलं तर दहा हजारापर्यंत दंड आहे आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं, पण मला काळजी त्या तळघराची आहे.

आता काय करायचं ते. गॅरेजवाल्याकडे जाऊन हेडरच्या जागी होता तो मूळचा मॅनिफोल्ड कॅटसकट मागून घे, भांडू नकोस, माझी वस्तू द्या म्हण. विकला असेल तर कंपनीचाच नवीन घेऊ, अर्धे पैसे मी घालतो, स्वस्तातला नको, त्यात धातू नावाला असतो आणि थोड्याच दिवसात परत फेल. जोडातलं गॅस्केट नवीनच आण, जुनं परत बसवायचं नाही. स्पेसर काढायचा, एअर फिल्टर आणि प्लग मी बघतो. मूळचा सायलेन्सर तुझ्या गॅलरीत पडलाय तोच परत लावू. आवाजाची हौस मला कळते रे, तुझ्या वयात मी माझ्या येझदीचा आवाज गल्लीच्या टोकावरून ओळखायचो. सगळं बसलं की अर्धा तास गाडी फिरवायची आणि लगेच गरम गरम टेस्ट, आधी आयडलिंगला, मग 2500 आरपीएमला धरून, तिथे सीओ 0.2 च्या आत आणि लॅम्बडा, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, 0.97 ते 1.03 मध्ये आला पाहिजे. तिथल्या कुठल्याही सेंटरवर जाऊ, माझ्याकडेच ये असं नाही.

रविवारी पहिल्या एसटीने येतो, पान्यांचा डबा आणि जॅक घेऊन. तू फक्त शनिवारी रात्री इंजिन पूर्ण गार झालं की हेडरच्या नटांवर डब्ल्यूडी-40 मारून ठेव, दोन नट चांगलेच गंजलेत, जबरदस्ती केली तर स्टड तुटेल. आई कंदी पेढे आणि त्या दिवशीच्या पुरणपोळ्या परत करून देतीये, दुपारी एकत्रच जेवू.

बाबा