गमबूट आत घ्या

महाड,
११ फेब्रुवारी २०२६

चि. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच लिहितो की इकडे सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा आहे तसाच. बेबीच्या जागेचं अजून काही ठरलं नाही, आणि ठरेल असं मला वाटत नाही.

शनिवारी मी हसायला नको होतं. तुझ्याकडे रात्रीचे अकरा, इथे साडेपाच. मी ओटीवर चहा घेत होतो आणि तू पलंगावर उभी राहून फोन भिंतीकडे धरला होतास. पडद्याच्या दांडीवर तळहाताएवढा कोळी, आठही पाय पसरून. केदार रात्रपाळीला, ओवी झोपलेली. आणि मी म्हणालो, "अगं, हा तर आपल्या मोरीतला!" तू म्हणालीस, "अण्णा, तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही." त्यावर गप्प बसावं की नाही माणसाने? तर म्हणे, कोळ्याला भ्यायचं होतं तर एवढ्या लांब गेलात कशाला. तू फोन ठेवलास ते बरंच केलंस, नाहीतर मी आणखी काहीतरी बोललो असतो.

हसण्याबद्दल एवढंच सांगतो की तो खरंच मोरीतल्याचा भाऊबंद आहे. तुमच्याकडे त्याला हंट्समन म्हणतात, राजूने फोनवर वाचून दाखवलं. जाळं विणत नाही, भिंतीला चपटा चिकटून बसतो, झुरळं खातो, आणि पळायला लागला की डोळा ठरत नाही. चावला तर दुखेल, त्यापलीकडे भीती नाही. आपल्या मोरीतली मादी पोटाशी अंड्यांची पांढरी चकती धरून बसायची, बंद्या रुपयाएवढी. तू सहा वर्षांची असताना तांब्या टाकून, अंगाला साबण तसाच, थेट मागच्या अंगणात पळाली होतीस. आजीने तिला केरसुणी लागू दिली नाही. "लेकुरवाळी आहे, राहू दे," म्हणाली. तीच आजी कुणाच्या ओठापाशी पुरळ उठलं की "कातीण मुतली" म्हणून मोकळी व्हायची.

असो. मला फक्त चुकलो एवढं लिहायचं होतं, ते लिहून झालं.

पण त्या रात्री झोप येईना म्हणून तुम्ही पाठवलेले फोटो परत बघत बसलो. ओवीच्या वाढदिवसाचा एक आहे, मागच्या पायरीवरचा. सगळे केककडे बघतायत, आणि कोपऱ्यात तिचे लाल गमबूट. एक उभा, एक आडवा पडलेला, तोंड झाडीकडे. पुढच्या दाराच्या फोटोत तुमच्या सगळ्यांच्या चपला-बूट ओळीने बाहेर. ही सवय आपल्याच घरची आहे. वहाणा उंबऱ्याच्या आत आणायच्या नाहीत, हे मीच तुला कान धरून शिकवलं. ते आता मी मागे घेतो. आत आणा. देवघरापर्यंत आणा हवं तर.

कारण राजूला मी पुढचंही वाचायला लावलं. तुमच्या सिडनीच्या आसपास तो दुसरा आहे, फनेल-वेब. काळा, तेल लावल्यासारखा चकचकीत. हॉर्न्सबीसारख्या ओल्या झाडीच्या बाजूला तर असतोच, आणि तुमची मागची पायरी म्हणजे झाडीच आहे. मादी बिळात राहते. नर उन्हाळ्यात, म्हणजे तुमच्या नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, रात्री तिच्या शोधात हिंडतो, आणि विष त्याचंच जास्त जहाल. उजाडलं की अंधारी, ओलसर जागा बघून शिरतो. जमिनीवर पडलेले कपडे. टॉवेल. बूट. पोहण्याच्या तलावात पडलेला मेला म्हणून उचलायला जावं, तर तो तासन् तास पाण्यात राहूनही जिवंत असतो.

चावलाच तर त्या जागेपासून सबंध हात किंवा पाय रुंद क्रेपच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचा, फळी बांधायची, माणसाला पाऊल टाकू द्यायचं नाही आणि ००० फिरवायचा. लाल पट्ट्याचा रेडबॅक चावला तर मात्र पट्टी बांधायची नाही, बर्फ लावायचा. दोन्हींत गल्लत करू नकोस. पट्टी घरात आहे का? कुठल्या कपाटात? ओवीला सांभाळायला येते त्या मुलीला ते कपाट माहीत आहे का?

झाली शिकवणी सुरू. तू स्वतः नर्स. तिथल्या परीक्षा पोटुशी असताना दिल्यास, रात्री अख्खा वॉर्ड अंगावर घेतेस, आणि निवृत्त पोस्टमास्तर तुला पट्टी बांधायला शिकवतोय. बाजारात कुणी विचारलं की मी तुझ्याबद्दल इतकं बोलतो की लोक हल्ली विचारत नाहीत. तुझ्यासमोर मात्र माझ्या तोंडून "चपला झटक"च निघतं. रागावू नकोस.

आणि घाबरूही नकोस. या कोळ्याने पूर्वी तेरा माणसं गेल्याची नोंद आहे, पण १९८१ साली प्रतिविष आलं आणि तेव्हापासून एकही नाही. गॉसफर्डजवळ सरपटणाऱ्या प्राण्यांचं एक उद्यान आहे, तिथे लोक हे कोळी बरणीत घालून नेऊन देतात, त्यांचं विष काढतात, आणि सशांकडून त्याचं औषध तयार होतं. वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. तू बरणी घेऊन जाऊ नकोस म्हणजे झालं.

१९८१. बाळूला बारा वर्षांचा उशीर झाला. म्हणजे ते औषध काही विंचवावरचं नव्हे, पण इकडचंही साधारण त्याच सुमाराचं. बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपणं काढत, आणि पुढे रक्तदाबाचं प्राझोसिन त्यावर लागू पडतं हे त्यांनी दाखवलं. आधी दहातले चार जायचे, मग शंभरात एखादा. २०२२ ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. तुझी आई म्हणाली, तुमचा त्यांचा काय संबंध?

बाळूकाकाचा फोटो तू लहानपणापासून बघतेस. विंचू चावला, एवढंच तुला सांगितलं. बुटाचं सांगितलं नव्हतं. ते कॅनव्हासचे बूट माझे होते. घरातले पहिले बूट, कवायतीसाठी घेतलेले. नाना रात्री म्हणाले होते, आत ठेव. मी हो म्हणालो आणि ओट्यावरच ठेवले. सकाळी मी उठायच्या आत बाळूने मिरवायला म्हणून पाय घातला. सात वर्षांचा होता. विंचू लाल, करंगळीएवढाही नव्हता. आधी रडला, मग हसला, आम्हाला वाटलं उतरलं. दुपारी घामाने सदरा भिजला, उलट्या झाल्या, हात-पाय गार पडले. नाना मांत्रिकाला घेऊन आले. मग बैलगाडी जुंपली. बिरवाडीपर्यंत गेलो नाही.

पुढे त्या बुटांचं काय झालं ते मला आठवत नाही.

मला कशाचंच काही वाटत नाही असं तू म्हणालीस, म्हणून हे लिहिलं. उत्तर देऊ नकोस. फोनवर तर हा विषयच काढू नकोस, तुझी आई शेजारीच असते.

आता सांगतोच आहे तर पुराचंही सांगतो. २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी घरात आलं तेव्हा दोन दिवसांनी तुला फोन लागला, आणि मी म्हणालो, माळ्यावर मजेत होतो. मजा काही नव्हती. रात्री खाली पाणी भांडी आपटत होतं, ते ऐकत आम्ही दोघं तांदळाच्या पिंपाला टेकून बसलेलो. टॉर्च मारला तर समोरची भिंत चमकली. बारीक ठिणग्या, दोन-दोन, चार-चार. खालचे सगळे कोळी पाण्यापुढे चढत-चढत वर आले होते. एक लेकुरवाळी माझ्या धोतराच्या काठापाशी, चकती घट्ट धरून. आई मला घट्ट धरून. कुणी कुणाला काही केलं नाही. तेव्हा तुमच्या देशाने दारं लावून घेतलेली, तू यायचं म्हटलंस तरी येऊ शकली नसतीस, आणि मला त्या अंधारात एकच सारखं वाटत होतं की वैदेही तिकडे कोरडी आहे, सुरक्षित आहे. आता तीच तू पलंगावर उभी, आणि मी हसतो. काय म्हणावं!

केदारला सांग, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला ओवीच्या हाताला येईल अशी खुंटी ठोक. गमबूट तिथे उपडे टांगायचे. आणि तरीही घालण्याआधी आपटायचे. तिला त्याचा खेळ करून दे, दोन टाळ्या आणि दोन आपट, म्हणजे ती स्वतःच आठवण करील. तुम्हीही आपटा. तू जास्त, कारण सकाळी ड्यूटीला निघताना तुझं लक्ष घड्याळाकडे असतं. मी हा मुद्दा किती वेळा लिहिला ते मोजू नकोस.

सोबत दहा पोस्टकार्डं पाठवतो आहे. अजून पन्नास पैशालाच मिळतात. हंट्समन परत आला की रुंद तोंडाचा काचेचा ग्लास भिंतीवर हळूच उपडा धरायचा, त्याचे पाय बाहेर राहिले नाहीत ना बघायचं, आणि कार्ड भिंतीला घासत मागून सरकवायचं. ग्लास आणि कार्ड एकत्र धरून बाहेर नेऊन सोडायचं. पोस्टात टपालाच्या खणांतून मी नोकरीभर असेच काढले. हे फक्त भुऱ्या, चपट्या कोळ्यासाठी. काळा, चकचकीत दिसला तर ग्लासही नको, कार्डही नको. ओवीला उचल आणि दार लावून घे.

केदारला आशीर्वाद, ओवीला गोड पापा.

तुझे
अण्णा

ता. क. फोटो पाठव. ओवीचा नको, मागच्या दाराचा. आहे तसा, आवरून काढलेला नको.