बांधावरची सफर बॅटरीच्या आकड्यावर आखू नका

संपादक महोदय,

पावसाळा सरला की इलेक्ट्रिक माउंटन बाइक घेऊन गोव्यातल्या मांडवी नदीतली चोडण आणि दिवाडी बेटे पालथी घालायचे बेत सुरू होतात. बहुतेक बेतांचा पाया एकच असतो, तो म्हणजे कंपनीने सांगितलेली ‘एका चार्जमध्ये 80 किलोमीटर’. हा आकडा सपाट डांबर, हलका स्वार, कडक फुगवलेले टायर आणि मोटरची सर्वांत कमी मदत धरून काढलेला असतो. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर यातले एकही गृहीत टिकत नाही.

हिशेब वॉट-तासांत करावा. 36 व्होल्ट, 14 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण 500 वॉट-तास. त्यातले 20 टक्के हातचे राखले की उरतात 400. डांबरावर किलोमीटरला 8 ते 10 पुरतात, सुक्या पण खडबडीत बांधावर 12 ते 15 लागतात आणि ओलसर चिकणमातीत 20 च्या वर जातात. म्हणजे डांबरावर 40 किलोमीटर नेणारी बॅटरी चिखलात 20 वरच दम टाकते. चढाचे वेगळे मोजा. स्वार, सायकल आणि सामान मिळून 100 किलो भरले, तर 100 मीटर उंची चढायला निव्वळ 27 वॉट-तास लागतात, मोटरमधली गळती धरली तर 35. पाय जेवढे काम करतील तेवढे त्यातून वजा करा. दिवाडीवरच्या पिएदाद गावी जेवता जेवता चार्जिंग करू, हा बेतही फसवा आहे. 2 अँपिअरच्या चार्जरने तासाभरात जेमतेम 70 वॉट-तास भरतात, म्हणजे बांधावरचे पाचएक किलोमीटर. पूर्ण चार्जला 7 तास लागतात.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण, पुलावरून मये, तिथून नार्वे, नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडी आणि शेवटी जुने गोवे, ही वाट सोयीची. नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. दिवाडीवरून नदीपार नेलेल्या या देवाच्या मंदिराचा 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला, तेव्हा तिथे थोडे थांबायला हरकत नाही. दिवाडीला मात्र रस्त्याचा पूल नाही. शेवटची फेरीबोट चुकली तर बॅटरीत किती उरले हा प्रश्नच राहत नाही. कोकण रेल्वेचा रूळ बेटावरून जातो, पण रुळाकडेने सायकल नेणे बेकायदा आणि जीवघेणे आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो, त्या दिवशी सायकल घेऊन दिवाडीच्या धक्क्यावर जाऊच नये.

बेत आखायची खरी सुरुवात भरती-ओहोटीच्या तक्त्यापासून व्हायला हवी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि नदीत आत जावे तशी ती आणखी उशिरा येते, त्यामुळे तक्त्यातली मुरगाव बंदराची वेळ नार्व्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मांडवीत पाणी 2 मीटरच्या आसपास चढते-उतरते. अशा दिवशी भरतीला बांधाचे सखल तुकडे ओले होतात आणि ओहोटीला फेरीच्या उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडतो. 24 किलोची सायकल त्यावर ब्रेकने थांबत नाही, घसरतच जाते. उतरून, मोटर बंद करून, आपण सायकलच्या खालच्या बाजूला येणार नाही अशी ती धरून चालावे.

आता बांधाविषयी, कारण आमचा मुख्य आक्षेप इथेच आहे. खाजनाचा बांध हा चिकणमातीचा, हाताने रचलेला आणि दरवर्षी डागडुजी मागणारा असतो. ओल्या माथ्यावर मोटरच्या पूर्ण जोराने मागचे चाक गरगरले की लांबच लांब चर पडते. पुढच्या पावसाचे किंवा मोठ्या भरतीचे पाणी त्याच चरीतून वाट काढते, माती धुपते, आणि खेकड्यांच्या बिळांनी आधीच पोखरलेल्या जागी बांध फुटतो. खारे पाणी शेतात शिरले की नुकसान कुळांचे होते, बांध राखायची जबाबदारीही त्यांच्याच संघटनेवर असते. म्हणून आधी त्या संघटनेला विचारावे. सोरद, म्हणजे पावसाळी भात, कापून होईपर्यंत बांधावर चढू नये. त्यानंतरही टाच दाबून पाहावी. ती रुतली तर सायकल रस्त्यानेच न्यावी. माथ्यावर सर्वांत कमी मदतीचा मोड ठेवावा, आणि मानशीवरून, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावरून, सायकल ढकलतच न्यावी. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य 178 हेक्टरांचे, खारफुटीतले आहे. तिथे पायीच फिरावे, सायकल बाहेर.

सामानात टायरचे दुरुस्ती प्लग, एक ट्यूब, पंप, साखळीचा जोड, साखळी तोडायचे हत्यार, सुटा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग चौकटीला टांगायचा तुकडा) आणि ब्रेक पॅडचा एक जोड हवा. चिखलात रेझिनचे पॅड एका दिवसात संपू शकतात, धातूमिश्रित जास्त टिकतात. मागच्या चाकात मोटर असेल तर पंक्चरसाठी पाना लागतो, बहुधा 18 मि.मी.चा. आणि चाक काढण्यापूर्वी मोटरची वायर सोडवायला विसरू नका. टायर 2.4 इंची ट्यूबलेस असेल तर हवा 20 पीएसआयच्या आसपास ठेवावी. चिऱ्याच्या धारदार तुकड्यांवर त्याहून कमी ठेवली तर रिमला मार बसतो.

बाहेरून विमानाने येणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. 160 वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी सामानात चालत नाही, तेव्हा सायकल इथेच भाड्याने घ्यावी किंवा स्वतः रस्त्याने आणावी. 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटर ही मर्यादा ओलांडणारी मोटर बसवलेली सायकल कायद्याने सायकल राहत नाही; तिला नोंदणी आणि चालकाला परवाना लागतो.

परतल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल धुवावी. मिठाने ॲल्युमिनियमच्या चौकटीत पोलादी बोल्ट असे धरून बसतात की महिन्याभरात सुटत नाहीत. बॅटरी आधी काढावी, तिची टोके कोरडी पुसावीत, आणि प्रेशरचा फवारा मोटरच्या बेअरिंगवर मारू नये. फवारा पेलण्याइतकी ती झाकलेली नसतात. धुण्यासाठी घरचा नळ बरा. सायकल घेऊन कुंभारजुव्याच्या खाडीकाठी उतरू नये. तिथे मगरी आहेत.

— सायकलस्वार वाचक, डिचोली