केसी पेशी ऐकेनाशा झाल्यात

वडोदरा

प्रिय नीलू,

दोन महिने पत्र नाही, रागावली असशील. तब्येत ठीक, बाबांचे गुडघे तसेच. पण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार? अख्ख्या दांडिया बाजारात कुणी नाही!

केसी पेशी, या आपल्या फळमाशीच्या पेशी, 20-हायड्रॉक्सीएक्डायसोन हे कात टाकायला लावणारं संप्रेरक ऐकेनाशा झाल्यात. एरवी 1 मायक्रोमोलरला गोल पेशी लांबट होतात, शेपट्या काढतात, मग एकमेकींना चिकटून द्राक्षाच्या घडासारखे गोळे करतात आणि वाढ थांबते. आता 72 तासांनीही सुट्या, गोल, खुशाल दुप्पट होताहेत.

संप्रेरकाला दोष देऊ नकोस. 4.8 मिग्रॅ 10 मिली इथेनॉलमध्ये, म्हणजे 1 मिलिमोलर. त्यातलं 1 मायक्रोलीटर दर मिलीला. शेजारी नुसत्या इथेनॉलचा कंट्रोल. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या जुन्या कुपीतल्या पेशी याच द्रावणाला छान गोळे करतात. तापमानही नव्हे, मे महिन्यातही बीओडी इनक्युबेटर 25 अंशांवर आहे.

मला वाटतं, संप्रेरक दिलेल्या फ्लास्कमधल्या उरलेल्या पेशी मूळ साठ्यात गेल्या. वाढ थांबते ती बहुतेकींची. ज्यांच्यात संप्रेरक धरणारा रिसेप्टर कमी त्या वाढतच राहतात, आणि काही दिवसांत फ्लास्क त्यांचाच होतो. पडताळायला ई75 या जनुकाचा आरएनए बघणार आहे: तो संप्रेरकानंतर काही तासांतच वाढतो. वाढला तर रिसेप्टर शाबूत, बिघाड पुढे. नाही तर साठा फेकायचा.

आणि टेब्युफेनोझाइडचं, या संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या कीटकनाशकाचं, आपलं भांडण! ते केसींवर चालेना, तेव्हा मी म्हणत होते पुडी भेसळीची, तू म्हणत होतीस माशीच्या पेशी आहेत. तूच बरोबर. माशीचा रिसेप्टर ते फार ढिलं धरतो. अळीच्या, म्हणजे पतंगवर्गाच्या पेशींना त्याच्या कितीतरी कमी मात्रेत पुरतं. गंमत म्हणजे याच कुळातल्या आरएच-5849 हे संप्रेरकासारखं वागतं याचा पुरावा 1988 मध्ये केसी पेशींवरच मिळाला होता. मात्रा वाढवून भागत नाही. पाण्यात ते लिटरला जेमतेम 0.83 मिग्रॅ विरघळतं, म्हणजे साधारण 2.4 मायक्रोमोलर. त्याच्या बरंच वर गेलीस की तळाशी स्फटिक दिसतात, आणि कागदावरचे 50 मायक्रोमोलर पेशींना मिळतच नाहीत. आधी सूक्ष्मदर्शकाखाली तळ बघ, मगच आकडा लिही.

नव्या घराचं कळलं, फार आनंद झाला. सईची परीक्षा झाली ना? काकूंना नमस्कार.

तुझ्याकडे कमी पॅसेजची, म्हणजे कमी वेळा नव्या फ्लास्कात हलवलेली, केसीची कुपी असेल तर पाठव. वाढत्या पेशींचा फ्लास्क नको, या उन्हात वाटेतच शिजेल. गोठवलेली कुपी, भरपूर कोरड्या बर्फात, आणि सोमवारीच टाक म्हणजे रविवारी कुठे अडकणार नाही.

तुझीच,
मंजू